आठ दिवसांत आठ पुड्या

सासू वाटून घेतली की जावा गोड राहतात, असं ज्यानं कुणी सांगितलं त्याच्या घरात एक तर जावा नसाव्यात, नाहीतर सासू नसावी.

धुळ्यातल्या देवपूरच्या ज्योतीची आणि जळगावच्या दिपमालाची सासू एकच. भागाबाई. घरातले सगळे तिला अक्का म्हणायचे. सासरे गेले, तेव्हा दोघा भावांनी एरंडोलजवळचं शेत वाटलं, भांडी वाटली, आणि त्याच हातानं आईही वाटून टाकली. एक महिना थोरल्या तोतारामकडे जळगावला, एक महिना धाकट्या योगेंद्रकडे धुळ्याला. गावातल्या घराला कुलूप. महिन्याच्या एक तारखेला एरंडोलच्या स्टँडवर अदलाबदल व्हायची. अक्का एका बसमधून उतरायच्या, कापडी पिशवी सावरत दुसऱ्या बसमध्ये चढायच्या, आणि तेवढा वेळ दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडच्या पेरूच्या गाडीकडे बघत उभ्या राहायच्या. पेरू मात्र कधी कुणी घेतला नाही.

"एरंडोलच का?" ज्योती बसमध्ये बसल्या बसल्या नवऱ्याला विचारायची. "त्यांना तीस किलोमीटर, आपल्याला पासष्ट. अर्धा रस्ता पारोळ्याला होतो. तुमच्या शाळेत भूगोल नव्हता का हो?"

योगेंद्र एका कॉलेजात क्लार्क. तो म्हणायचा, "जाऊ दे." देवानं या माणसाच्या तोंडात हे दोनच शब्द घातले होते आणि तेही तो काटकसरीनं वापरायचा.

आता पासष्ट किलोमीटर काही भांडणाचं मूळ नव्हे. मूळ होतं दिपमालाच्या मुलीच्या, पुनमच्या साखरपुड्यात. चाळीस बायका पंगतीत बसलेल्या, ज्योतीच्या हातात वरणाची बादली, आणि दिपमाला आपल्या विहिणीला सांगतेय, चांगलं मोठ्यानं, बादलीपर्यंत ऐकू जाईल असं, "अक्का धुळ्याहून आल्या ना, की नुसत्या वाळून आलेल्या असतात. मी महिनाभर खाऊ-पिऊ घालून उभी करते, आणि पुन्हा तिकडे पाठवायचं. काय करणार, ज्याची त्याची दानत."

ज्योतीनं त्या दिवशी विहिणीच्या ताटात वरण वाढलं ते अर्धं ताटात आणि अर्धं पाटावर. पण तोंडातून शब्द काढला नाही. घरी आल्यावर मात्र दोन दिवस ती भांड्यांशी बोलत होती. वाळून येतात म्हणे! अगं, तुझ्या घरी अक्का सकाळी उठून तुझ्याच चहाचं आधण ठेवतात, आणि तू मोबाइल कानाला लावून मीटिंगमध्ये. दिपमालाला दोन वर्षांपासून ताकदीच्या डब्यांचं वेड लागलेलं. कुठल्याशा कंपनीची साखळी होती, आपण डबे घ्यायचे, दुसऱ्याच्या गळ्यात मारायचे. हाडांसाठी डबा, गुडघ्यांसाठी डबा, केसांसाठी डबा. जळगावच्या त्यांच्या कॉलनीत एक कुत्रं सोडलं तर डब्यातून कुणी सुटलं नव्हतं.

तेव्हापासून ज्योतीला एकच ध्यास. अक्का धुळ्याहून जाताना अशा गेल्या पाहिजेत की एरंडोलच्या स्टँडवर त्यांना बघून दिपमालाची बोलती बंद व्हावी. आणि कधीतरी, चार माणसांत, अक्कांच्याच तोंडून यावं, की माझं खरं केलं ते ज्योतीनं. एवढंच. ना तिला सोनं पाहिजे होतं, ना शेताचा तुकडा. तिला तेवढं एक वाक्य पाहिजे होतं, आणि त्या वाक्यासाठी ती काहीही करायला तयार होती. इथेच सगळं बिनसलं.

अक्कांचं दुखणं दोन. पहिलं हृदयाचं. ठोके मध्येच चुकायचे, म्हणून चार वर्षांपासून एक बारीक पांढरी गोळी चालू होती. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार नाही. "गोळीलासुद्धा दोन दिवस सुट्टी," ज्योती म्हणायची, "मलाच तेवढी नाही." दुसरं दुखणं गुडघ्यांचं. त्यासाठी धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, हाडं पोकळ झालीत, व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय. रोज कॅल्शियमची एक गोळी, आणि व्हिटॅमिन डीची पुडी, दुधातून, आठवड्याला एक, असे आठ आठवडे.

आठ आठवडे! आणि अक्का धुळ्याला राहणार चार आठवडे. मग उरलेल्या चार पुड्या कोण देणार? दिपमाला? ती पुड्या फेकून देईल आणि स्वतःचा डबा सुरू करेल. ज्योतीनं डोकं लढवलं आणि ठरवलं, आपला कोर्स आपल्या महिन्यातच पुरा करायचा. आठवड्याला एकच्या ऐवजी दोन. आठच्या आठ पोटात गेल्या की मग जा बाई जळगावला, खुशाल जा. आणि पुढच्या वेळी अक्का आल्या, की नवा महिना, नवा कोर्स. थांबायचं कधी ते डॉक्टरनं सांगितलं होतं, पण ते ज्योतीच्या कानावरून गेलं. फाइल धुळ्याची धुळ्यात राहायची, जळगावची जळगावात. दोन्ही घरांचे डॉक्टर वेगळे, दोन्ही फायली वेगळ्या, आणि एका घरचा कागद दुसऱ्या घरी पाठवणं म्हणजे नाक कापून हातावर ठेवणं.

बरं, जळगावात काय चाललं होतं? तेच. तिथल्या डॉक्टरनंही पुड्या लिहून दिल्या होत्या, आणि दिपमालानंही हाच विचार केला होता, की धुळ्याची ती चेंगट बाई कसल्या पुड्या देतेय, आपणच उरकून टाकू. वर तिचा डबा. ज्योतीला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं तर विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

मेडिकलवाले युसूफभाई एकदा म्हणालेही होते. "वहिनी, ही आठवड्याला एकच द्यायची असते हां. मागे आठ नेल्या होत्या ना तुम्ही?"

"त्या संपल्या."

"संपल्या? मग डॉक्टरला एकदा विचारून घ्या. रक्त तपासून मगच पुढच्या देतात."

"युसूफभाई, चिठ्ठीवर आठ लिहिलंय, डोळ्यांनी वाचा. दुकान तुमचं, सासू माझी."

युसूफभाईंनी चिठ्ठी वाचली, खोक्यावर पेननं 'फक्त रविवारी' असं मोठं लिहून दिलं. ज्योतीनं खोकं वाटेतच फाडून टाकलं आणि पुड्या पर्समध्ये घातल्या.

एप्रिलच्या दहा तारखेला हे आठाचं पाकीट घरी आलं आणि त्याच संध्याकाळी तोतारामभाऊंचा फोन. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वीस तारखेला आली होती. आखाजीला पितरांची घागर भरायची ती थोरल्याच्या घरी, आणि घागर भरायला अक्का पाहिजेतच. तेव्हा अठराला संध्याकाळपर्यंत पोचवा.

"बघितलं?" ज्योती योगेंद्रवर उखडली. "माझा महिना मधूनच तोडला. आता अर्ध्या महिन्यात मी त्यांना काय खाऊ घालू, काय उभी करू? आणि तिकडे जाऊन ती सांगणार, बघा, वाळून आल्या!"

"जाऊ दे."

"काय जाऊ दे? तुमच्या आईचं नाव घेऊन माझी अब्रू जातेय, ती जाऊ दे?"

अकरापासून अठरापर्यंत किती दिवस? आठ. पुड्या किती? आठ. ज्योतीनं बोटं मोजून बघितली आणि तिला बरं वाटलं. रोज सकाळी, दुधात, स्वतःच्या हातानं. कॅल्शियमच्या गोळ्याही एकाच्या दोन केल्या. जाताना बघ म्हणावं, कशी ठणठणीत बाई पाठवते.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी भाकरी अर्धी टाकली. "तोंड कडू लागस माय," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "दूध नको देऊ आते."

"दूध नको म्हणून कसं चालेल? तिकडे तर म्हणे ताकद येते, आणि इथे नको?"

अक्का प्याल्या. जळगावचं नाव निघालं की त्या नेहमीच गप्प बसायच्या. चौथ्या दिवशी पोट साफ होईना. पाचव्या दिवशी तहान सुरू झाली, तांब्यावर तांबे, आणि दर घटकेला भिंत धरून मोरीकडे. ज्योती म्हणाली, धुळ्याचा उन्हाळा आहे, त्रेचाळीस चाललंय, तहान लागणारच. सहाव्या दिवशी उठताना पाय लटपटले. अशक्तपणा! ज्योतीनं कपाळावर हात मारला आणि कॅल्शियमच्या दोनाच्या तीन केल्या. जसजशी म्हातारी खचत होती तसतशी ही जास्त चारत होती. चार घरं सोडून कुणाला विचारलं असतं तर कुणी थांबवलं असतं, पण विचारलं की गोष्ट जळगावला पोचते, आणि जळगावला पोचली की संपलंच.

सातव्या दिवशी संध्याकाळी योगेंद्र कॉलेजातून आला. चप्पल काढत होता, तेवढ्यात अक्कांनी खाटेवरून हाक मारली, "उखर्डू, ऊन लागनं का?"

उखर्डू म्हणजे सासरे. अक्कांनी पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यातसुद्धा नाही, त्याचीही गोष्ट घरात सांगायचे. योगेंद्र तसाच एका पायात चप्पल घालून उभा राहिला. ज्योती स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. पण तरी तिच्या मनात पहिलं काय आलं असेल? की आता उद्या एरंडोलच्या स्टँडवर असंच काही बोलल्या तर ती काय म्हणेल.

आठव्या दिवशी सकाळी आठवी पुडी दुधात पडली. अक्कांनी अर्धा पेला घेतला, ओकल्या, आणि खाटेवरून उठता उठता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. डोळे अर्धे उघडे, हात गार.

साक्री रोडच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, आवेज नावाचे. त्यांनी नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा धरली. तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. "ठोके चौतीस," ते म्हणाले. "मध्ये मध्ये थांबताहेत. काय काय औषध चालू आहे?"

योगेंद्रनं हृदयाच्या गोळीचं नाव सांगितलं. पाच दिवस चालू, दोन दिवस बंद, हेही सांगितलं.

"आणखी? कॅल्शियम, व्हिटॅमिन, ताकदीचं काही, पावडर, काढा?"

योगेंद्रनं बायकोकडे बघितलं. घरातल्या गोळ्या-पुड्यांचं खातं तिचं.

"नाही," ज्योती म्हणाली. "काही नाही."

शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःलाच कळेना की तो कुणी बोलला. पण एकदा गेला तो गेला. आता परत घ्यायचा तर आधी खोटं बोलले हे कबूल करा, मग आठ दिवसांत आठ दिल्या हे कबूल करा. आणि योगेंद्रचा फोन गेल्यावर निघालेली जळगावची गाडी तोवर पारोळ्यापर्यंत आली होती.

दिपमाला दवाखान्यात शिरली ती रडतच. तोतारामभाऊ मागे, त्यांच्या मागे दोन चुलत सासवा, त्यांना तिनं वाटेत एरंडोलहून उचललेलं, साक्षीदार असावेत म्हणून. "काय खाऊ घातलं माझ्या अक्काला?" तिनं दारातूनच सुरू केलं. "गेल्या महिन्यात चालत्या-बोलत्या पाठवल्या होत्या मी. पंधरा दिवसांत काय केलंस गं?"

"हळू बोला ताई, दवाखाना आहे."

"दवाखाना आहे म्हणून हळू? तुझ्या घरात असताना का नाही आठवलं हळू?"

चुलत सासवा बाकावर टेकल्या आणि पदर तोंडाला लावून ऐकायला बसल्या. ज्योतीला वाटलं, हिच्या झिंज्या धराव्यात आणि जिन्यावरून खाली सोडावं. खरंच वाटलं. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

डॉक्टर आवेज बाहेर आले. त्यांनी तोच प्रश्न जळगावच्या मंडळींना केला. तुमच्याकडे राहतात तेव्हा काय घेतात?

"आमच्याकडे फक्त हृदयाची गोळी, डॉक्टरसाहेब," दिपमाला म्हणाली. "बाकी घरचं दूध, घरचं तूप."

हे बोलताना तिनं डॉक्टरांकडे बघितलं नाही, ज्योतीकडे बघितलं. आणि ज्योतीला तिथल्या तिथे कळलं. अगं बाई, हीसुद्धा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. डबे विकणारी बाई स्वतःच्या सासूला डबा देणार नाही? उभ्या कॉलनीला पाजलं आणि घरात तूप-दूध? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पेरूच्या गाडीकडे न बघता एकमेकींच्या डोळ्यांत बघत होत्या, आणि दोघींच्या डोळ्यांत एकच होतं: तू बोललीस तर मेलीस.

"मग हृदयाचंच वायरिंग गेलंय असं धरायचं," डॉक्टर दोघा भावांना म्हणाले. "मशीन बसवावं लागेल, पेसमेकर. आमच्याकडे सोय नाही. नाशिकला हलवा. गाडी सांगतो मी."

"नाशिकपर्यंत..." तोतारामभाऊंनी घड्याळ बघितलं.

"तीन तास. वाटेत काहीही होऊ शकतं, मी खोटं सांगणार नाही. दुसरं काही कारण सापडलं असतं तर औषधानं इथेच सुटलं असतं. पण तुम्ही म्हणता काहीच चालू नव्हतं." डॉक्टर आत गेले.

दुसरं काही कारण सापडलं असतं तर. ज्योतीच्या कानात ते तसंच बसलं. खाली गाडीचा दरवाजा वाजला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन वर आला. काचेतून अक्कांचा हात दिसत होता, सुई लावलेला, त्या हातावर ज्योतीनं परवाच तेल चोळलं होतं. मूठभर हात. ती हातात पर्स घेऊन उभी होती आणि मनात हिशोब चालला होता. बोलले तर आयुष्यभर काय ऐकावं लागेल. या दोन चुलत सासवा संध्याकाळच्या आत एरंडोल, पारोळा, धरणगाव सगळं फिरवतील. माहेरी कळेल. दिपमाला प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, प्रत्येक दहाव्याला सांगेल. आणि नाही बोलले तर? तर बहुधा कुणालाच कधी कळणार नाही. म्हातारं माणूस, हृदयाचं दुखणं, वाटेत गेलं. लोक म्हणतील, सुटली बिचारी.

हा दुसरा विचार मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. मेले मी, ती मनात म्हणाली, मी अशी आहे?

"थांबा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती ओरडली. "अहो थांबा! डॉक्टर, मी दिल्यात पुड्या. व्हिटॅमिन डीच्या. आठ दिवस रोज एक. आणि कॅल्शियमच्या गोळ्या, तीन तीन."

डॉक्टर आतून बाहेर आले.

"साठ हजार युनिटवाल्या?" डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "आठवड्याची पुडी रोज? आणि मी दोनदा विचारलं तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं?"

"त्याआधीही," ज्योती म्हणाली. आता थांबून काय उपयोग होता? "वर्षभर. एक महिना आड. महिन्याला आठ."

"शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

"बी.ए.," ज्योती म्हणाली, आणि आपण हे का सांगितलं ते तिला कळलं नाही.

गाडी थांबवली. रक्त गेलं. पाऊण तासानं कागद आला. डॉक्टरांनी तो भावांसमोर धरला. रक्तात कॅल्शियम दहाच्या आसपास पाहिजे, अक्कांचं सोळा होतं. "हाडांसाठी दिलंत, हाडांनी किती घेणार? बाकीचं रक्तात साचलं. मूत्रपिंडं दमली. आणि रक्तात कॅल्शियम चढलं की ती हृदयाची गोळी औषध राहत नाही, विष होते. हृदय बिघडलं नव्हतं तुमच्या आईचं. तुम्ही बिघडवलंत." मग सलाइन सुरू झालं, गोळी बंद झाली, आणि नाशिकची गाडी रिकामी गेली.

जाता जाता डॉक्टर थबकले. "पण एक सांगतो. महिन्याआड आठ पुड्या आणि या गोळ्या, एवढ्यानं सोळा होणं कठीण आहे. अजून कुणीतरी देत होतं."

सगळ्यांच्या माना दिपमालाकडे वळल्या. दिपमालानं पदर खोचला. "ऐकलं ना सगळ्यांनी?" ती चुलत सासवांना म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं हिनं. आता आमच्यावर ढकलतेय."

ज्योतीनं काही ढकललं नव्हतं. डॉक्टर बोलले होते. पण चुलत सासवांनी मान डोलावली, आणि संध्याकाळी सातच्या आत ज्योतीच्या माहेरून फोन आला. आईनं एवढंच विचारलं, "खरंय का गं?" ज्योतीनं फोन ठेवून दिला. तीन दिवस ती दवाखान्याच्या बाकावर एका टोकाला बसली आणि दिपमाला दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत येणारे-जाणारे पाहुणे बसायचे, आणि प्रत्येक जण थोडा जळगावच्या बाजूला सरकून बसायचा. आखाजी त्या बाकावरच आली आणि गेली. जळगावात घागर कुणीच भरली नाही, त्याचंही पाप दिपमालानं ज्योतीच्या नावावर लिहिलं.

चौथ्या दिवशी अक्का उठून बसल्या. ठोके बासष्ट. पातळ खिचडी मागून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. डॉक्टर आवेज खुर्ची ओढून जवळ बसले. दोघे मुलगे, दोघी सुना पायथ्याशी उभ्या.

"आजी, खरं सांगायचं. काय काय घेत होत्या तुम्ही?"

अक्कांनी एकदा या सुनेकडे बघितलं, एकदा त्या. मग म्हणाल्या, "बठ्ठं."

"म्हणजे?"

"धुळानं बी लेस, जळगावनं बी लेस. हाई दूधमा पुडी देस. ती बी देस, आनि वरतून डबा. धुळाले येवाना आधी पिशवीमा घाली देस, रोज फोन करीसन इचारस, डबा लिधा का. मी हाव म्हनस. हाई इचारस, जळगावनं काही लेतस का. मी नही म्हनस."

"अक्का, डबा तुम्ही स्वतः मागायच्या माझ्याकडे!" दिपमालाचा आवाज चढला.

"हाव. मांगस. नही मांगं का तू रडस."

ज्योतीच्या घशापर्यंत आलं होतं, बघितलंत, बघितलंत कोण खोटं बोललं ते. तीन दिवस ती या एका घटकेसाठी बाकावर बसली होती. पण अक्का तिच्याकडेच बघत होत्या, आणि ते शब्द काही बाहेर पडले नाहीत.

"पण आजी, तोंड कडू झालं, उलटी झाली, तरी नको का नाही म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही म्हटं का झगडा व्हस," अक्का म्हणाल्या. "त्यानापेक्षा गोळी गिळानं सोपं शे."

तोतारामभाऊ खिडकीकडे वळले. डॉक्टर उठले. यापुढे एकच घर, एकच फाइल, एकच माणूस औषध देणार, असं त्यांनी निक्षून सांगितलं, आणि कोण ते आत्ताच ठरवा म्हणाले.

दिपमालानं लगेच फोन काढून तारखा बघितल्या. "आमच्याकडे आता पुनमच्या लग्नाची गडबड. घरात माणसं, पाय ठेवायला जागा नाही. आणि उद्या काही झालं तर मी नाही बाई जबाबदार."

जळगावनं माघार घेतली होती. चार माणसांत, सगळ्यांच्या देखत. ज्योतीनं किती महिने याची वाट बघितली होती. ती एक पाऊल पुढे आली.

"माझ्याकडे राहतील," ती म्हणाली. "कायमच्या. मी बघेन. एक गोळी इकडची तिकडे होणार नाही, डॉक्टर. लिहून देते मी."

"माले गावले लई चला," अक्का म्हणाल्या.

ज्योतीला वाटलं, पुन्हा भ्रम झाला. योगेंद्र खाटेजवळ वाकला. त्यानं आईचा हात धरला आणि कित्येक वर्षांनी तिच्याच बोलीत बोलला. "अक्का, गावले कोन शे आते? घरले कुलूप शे. तठे तुले देखाले कोन शे?"

"कोनी नही," अक्का म्हणाल्या. "म्हनीसनच तं."